दंडातली कांडी

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल. हिवाळा सरत आला होता, आणि आमच्या प्रयोगशाळेतला हीटर मनात येईल तेव्हा चालायचा, नाहीतर रुसून बसायचा. मी नुकतीच चाळिशी ओलांडली होती. आज हात थरथरतो, काल काय जेवले ते आठवत नाही. पण त्या दिवसातलं काही म्हणता काही विसरले नाही.

आमचं काम विरघळणाऱ्या प्लास्टिकचं. असं सांगितलं की लोक हसायचे. प्लास्टिक टिकाऊ असतं म्हणून लोक घेतात आणि तुम्ही ते विरघळवायच्या मागे लागलाय? पण आमचं प्लास्टिक बादल्या-बरण्यांचं नव्हतं. त्यात औषध कालवून आम्ही आगकाडीएवढी कांडी करायचो. डॉक्टर ती दंडाच्या कातडीखाली सरकवायचे. अंगातलं पाणी प्लास्टिकची साखळी कडीकडीनं तोडत जायचं, रोज थोडं थोडं औषध रक्तात उतरायचं आणि काही महिन्यांनी कांडीच नाहीशी व्हायची. काढावी लागत नाही, याचंच तर सगळ्यांना कौतुक.

त्यासाठी दोन पॉलिमर, म्हणजे दोन जातींची प्लास्टिकं, लागायचे. एक काचेसारखा कडक आणि ठिसूळ, दुसरा मेणासारखा मऊ. नुसत्या कडकाची कांडी कातडीखाली मोडायची, नुसत्या मऊची वर्षानुवर्षं तशीच पडून राहायची. म्हणून दोघांचं मिश्रण. पण त्यांचं आपसात पटायचं नाही. वितळवून एक केले तरी थंड होताना आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसायचे. कांडी ओढायच्या यंत्रावर एक उंच, किडकिडीत गृहस्थ होते, त्यांना सगळे तारमास्तर म्हणायचे. ते म्हणायचे, "नणंदा-भावजया आहेत नुसत्या!" आणि लगेच माझ्याकडे बघून जीभ चावायचे. माझी नणंद माझ्याच घरात राहते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

वन्सं माझ्या नवऱ्यापेक्षा मोठ्या. लग्न केलं नव्हतं. शिवणकामावर स्वतःचं पोट भरलं आणि धाकट्या भावाला शिकवलं. त्यांच्या हातचा कोट घातलेला माणूस रस्त्यात ओळखू यायचा. पाठीचं ऑपरेशन बिघडलं आणि त्यांच्या डाव्या पायात आग शिरली. बसलं की आग, उभं राहिलं की आग. शिवणयंत्रावर चादर पडली. गोळ्या घेतल्या की दिवसभर गुंगी, नाही घेतल्या की ओठ चावून भिंतीकडे तोंड. जिभेला मात्र कधी गंज चढला नाही. मला त्या शास्त्रज्ञ म्हणायच्या. "शास्त्रज्ञ, तुमच्या त्या मोठ्या शोधात भात करपू नये असं काही आहे का?"

आमच्या कांडीत वेदनेवरचंच औषध होतं, आणि ते जालीम होतं. थेंबाथेंबानं मिळालं तर माणूस उठून कामाला लागतो. सगळं एकदम मिळालं तर त्याला गाढ झोप लागते आणि झोपेत श्वास घ्यायचा राहून जातो. म्हणून सगळी मदार त्या दोन पॉलिमरच्या मिश्रणावर. इस्पितळातल्या डॉक्टरांनी माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी तीन रुग्ण निवडले. दोघांना वॉर्डातच ठेवलं. तिसऱ्या आमच्या वन्सं. त्यांना दोन दिवसांत घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, "यांच्या घरात प्रयोगशाळेतलीच बाई आहे, मग मला कसली काळजी!"

आठवडाभरात वन्संनी यंत्रावरची चादर काढली. मी कामावरून परतले तर जिन्यातच ती खडखड ऐकू आली आणि मी पिशवी खाली ठेवून तिथंच उभी राहिले. दार उघडलं तर नवरा शीळ घालत कांदा चिरत होता. वन्सं मान वर न करता म्हणाल्या, "अगं, हे दुखणं गेलं की काय कुठं? शोधून बघ जरा, पलंगाखाली असेल." त्यानंतरचे दिवस असेच गेले. त्या गाणं गुणगुणायच्या. शेजारच्या मुलीचे फ्रॉक शिवायला घेतले होते. झोपताना पाय पसरून झोपायच्या.

आता त्या सकाळबद्दल.

आमची एक पद्धत होती. ज्या घाण्यातल्या कांड्या माणसांना घातल्या, त्याच घाण्यातल्या काही आम्ही बाजूला काढायचो आणि काचेच्या नळ्यांत, अंगाएवढ्या कोमट खारट पाण्यात ठेवायचो. वन्संच्या दंडात कांडी गेली त्याच दिवशी त्या नळ्याही पाण्यात गेल्या होत्या. रोज पाणी बदलायचं आणि काढलेल्या पाण्यात औषध किती उतरलं ते यंत्रावर बघायचं. आलेखाची रेघ रोज जमिनीसारखी सपाट यायची. मध्ये दोन दिवसांची सुट्टी आली. सुट्टीनंतर मी आले, नळ्या ठेवलेल्या टाकीचं झाकण उचललं आणि हात तसाच हवेत राहिला.

कांड्या फिकट पिवळ्या आणि पारदर्शक असायच्या. त्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. फुगल्या होत्या. एक मधोमध उकलली होती.

मी यंत्रावर पाणी लावलं. रेघ कागदाबाहेर गेली. मला वाटलं, यंत्र बिघडलं. दुसरी नळी लावली. तीही गेली. मी तारमास्तरांना हाक मारली. ते हसत आले आणि टाकीत बघून हसायचे थांबले.

"हा कुठला घाणा?" त्यांनी विचारलं.

मी नळीवरची चिठ्ठी त्यांच्याकडे वळवली. त्यांना कळलं. ते धावतच मॅडमना बोलवायला गेले.

मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. ठेंगण्या, केस बारीक कापलेले, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांनी उकललेली कांडी चिमट्यानं उचलली. ती चिमट्यातच चेपली आणि दोन्ही टोकांनी पांढरा लगदा बाहेर आला.

"ही अशी व्हायला अजून चार महिने हवेत," त्या म्हणाल्या.

"मागच्या सगळ्या चाचण्यांत तसंच झालं होतं," मी म्हटलं. "मिश्रण तेच, मापं तीच, यंत्र तेच."

"मग वेगळं काय?"

आम्ही तिघं मनातल्या मनात एकेक पायरी तपासत गेलो. आधी मॅडमच्याच चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"गॅमा किरण," त्या म्हणाल्या.

आधीच्या सगळ्या कांड्या आम्ही वायूनं निर्जंतुक करायचो. पण त्या वायूचा अंश कांडीत राहतो आणि तो माणसाला बरा नाही. म्हणून माणसांसाठीचा पहिलाच घाणा म्हटल्यावर आम्ही जास्त काळजी घेतली: वायू नको, किरणांनी निर्जंतुक करू. किरणांनी औषध बिघडत नाही ना, हे आम्ही तीन-तीनदा तपासलं. कांडी वाकवून बघितली, ठीक होती. पण किरणांनी पॉलिमरची साखळी आतून जागोजागी तुटली असेल का, हे कुणाच्या मनातच आलं नाही. आयुष्य पॉलिमरवर घालवलेली आम्ही माणसं, आणि औषध समोर आलं की आम्हीही त्या प्लास्टिकला नुसता डबा समजायला लागलो. डब्याची कोण चौकशी करतो?

"मॅडम," मी म्हटलं, "नळीत असं झालं तर अंगात..."

"अंगात आधी होतं," त्या म्हणाल्या. लपवायचा त्यांचा स्वभावच नव्हता. "नेहमीच आधी होतं. ताई कुठायत?"

"घरी. एकट्या."

मी फोन लावला. घंटा वाजत राहिली. यंत्र चालू असलं की वन्सं फोन उचलायच्या नाहीत. वाजू दे म्हणायच्या, ज्याला गरज आहे तो पुन्हा करेल. मी पुन्हा केला. पुन्हा केला. माझ्या डोळ्यांसमोर पलंग, भिंत आणि पाय पसरून झोपलेल्या वन्सं. छातीवरची चादर मला हलताना दिसेचना. मॅडमनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"तू टॅक्सी कर. मी इस्पितळात जाऊन बाकी दोघांचं बघते, डॉक्टरांना तयार ठेवते. ताईंना घेऊनच ये. उचलून आणावं लागलं तरी आण."

टॅक्सीवाला गप्पिष्ट होता. त्याच्या मेहुण्यानं सेकंडहँड गाडी घेऊन कसा मार खाल्ला ते तो सांगत होता. मी हो हो म्हणत होते आणि दर सिग्नलला माझी नखं तळहातात रुतत होती. आमची गल्ली, इमारत, जिना. जिन्यात मी कान दिला. खडखड नव्हती. काहीच नव्हतं. किल्ली कुलपात जाईना.

"कोण ते कुलूप फोडतंय?" आतून आवाज आला.

मी दारालाच टेकले.

वन्सं यंत्रासमोर बसल्या होत्या, मांडीवर फ्रॉक. मी बूट न काढताच गेले, त्यांची हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. त्या औषधानं डोळ्यातली बाहुली बारीक होते. त्यांची बारीक होती. पण खिडकीत ऊनही होतं, उन्हानंही होते. मला काही ठरवता येईना.

"लग्नाला बघतेस का मला?" त्या म्हणाल्या. "या वयात स्थळ आणलंस?"

"वन्सं, चला. इस्पितळात जायचंय. कांडी काढायची."

त्यांनी माझा हात बाजूला केला. "काढायची? काढावी लागत नाही म्हणाली होतीस."

मी सांगितलं. टाकी, पांढऱ्या कांड्या, किरण, सगळं. उलटसुलट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझी फुटलीय?"

"माहीत नाही."

"फुटेलच?"

"बहुतेक. नक्की नाही सांगता येत."

"आणि काढली तर दुसरी घालाल?"

खोटं बोलायचा मोह झाला. फार झाला. "नाही," मी म्हटलं. "आता बरीच वर्षं नाही. कदाचित कधीच नाही."

त्या हसल्या. ते हसणं मला अजून दिसतं. "म्हणजे बहुतेकच्या नावाखाली मी पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडायचं. जा गं. तुझं काम चुकलं तर ते तू निस्तर. माझा हात आहे, मी देत नाही."

"तुम्ही झोपेत जाल, वन्सं!"

"झोपेत!" त्या म्हणाल्या. "अगं, मी वर्षानुवर्षं झोपेसाठी तडफडलेय. मला झोपेची भीती घालतेस होय?"

मी रडायला लागले. मला त्यांच्या पायाशी बसावंसं वाटत होतं आणि त्यांना एक ठेवून द्यावीशीही वाटत होती. भावाचं नाव काढलं, तर म्हणाल्या, त्याला मी शिकवलंय, तो मला शिकवणार नाही. मग माझ्याकडे पाठ फिरवून त्यांनी फ्रॉक उचलला, बाही सरळ करायला आत हात घातला आणि हात आतच अडला.

त्यांनी बाही उलटी केली. मनगटाकडचं तोंड पूर्ण शिवलेलं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बारीक, सुबक, सरळ टाक्यांनी. त्यांनी दुसरी बाही बघितली. तीही तशीच.

"हे कुणी शिवलं?" वन्संनी विचारलं.

घरात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

"मी सकाळपासून इथंच आहे," त्या हळू म्हणाल्या. "कॉलर लावली ते आठवतंय. मग... तू आलीस." बोट टाक्यांवरून फिरलं. "बाही मला आठवतच नाहीये गं."

"फोन वाजला होता. बऱ्याच वेळा."

"फोन?"

त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी भीती पाहिली नव्हती. ऑपरेशनच्या वेळीही नाही. त्या दिवशी पाहिली. जी बाई बोटांच्या टोकांनी कापड ओळखायची, तिचीच बोटं तिला न सांगता काम करत होती. त्यांनी फ्रॉक घडी घालून यंत्रावर ठेवला, आणि उठताना पहिल्यांदाच माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"चल," त्या म्हणाल्या. "माझी चप्पल दे."

टॅक्सीत मी त्यांना बोलतं ठेवलं. झोपू द्यायचं नव्हतं. त्या मध्येच विझायच्या, मी चिमटा काढायचे. "चिमटे काढायची हौस भागवून घे," त्या पुटपुटल्या, आणि ते शब्दही ओले, जड. शेवटच्या चौकात त्यांची मान माझ्या खांद्यावर पडली. मी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, सिग्नल बघू नका. तो बघत बसला नाही.

डॉक्टर दारातच होते. गोरेमोरे झालेले. "काढायची कशी?" त्यांनी मॅडमना विचारलं. "मी घालायला शिकलो. काढायला कुणी शिकवलंच नाही. चिमट्यात धरली तर?"

"फुटेल," मॅडम म्हणाल्या. "सगळं औषध एका क्षणात आत. धरायचीच नाही. आधी बर्फ."

"बर्फ?"

"पाणी प्यायलेला आमचा कडक पॉलिमर अंगाच्या उबेनं मऊ पडतो. गार केला की पुन्हा कडक होतो. दंड इतका गार करा की कांडी काडीसारखी होईल. मग आजूबाजूच्या मांसासकट कापून काढा."

वन्संच्या दंडाभोवती बर्फाच्या पिशव्या बांधल्या. दंड आधी लाल, मग निळसर. परिचारिका त्यांच्या गालावर थोपटत होती, "ताई, डोळे उघडा, नाव सांगा." मला बाहेर काढलं. तेवढ्यात मॅडमचा फोन मिळून नवरा छापखान्यातून तसाच आला, बाह्यांवर शाई, धापा टाकत. "ताई कुठंय?" मी दाराकडे बोट दाखवलं. तो माझ्याशेजारी बसला आणि माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. मला वाटलं, हा विचारेल, तुमच्याच प्रयोगशाळेतलं विष ना हे? त्यानं विचारलं नाही. त्या न विचारण्याचीही मला भीती वाटली.

डॉक्टर बाहेर आले. हातात छोटी वाटी. आत रक्ताळलेल्या मांसात एक पांढुरका तुकडा.

"आली," ते म्हणाले. "पण पूर्ण नाही. एक टोक आतच फुटून राहिलं."

मॅडमनी तुकड्याची लांबी मोजून बघितली आणि डोळे मिटले. "किती औषध रक्तात गेलं ते सांगता येत नाही. आज रात्रीपर्यंत कळेल."

त्या औषधावर उतारा असतो. पण उतारा लवकर ओसरतो आणि औषध मागून येतच राहतं. म्हणून माणसाजवळ बसून राहावं लागतं. आम्ही बसलो. खिडकीबाहेर उजेड पिवळा झाला, मग करडा. वन्सं उताण्या झोपल्या होत्या. मी त्यांच्या गळ्याखालचा खळगा बघत होते. तो आत जायचा, वर यायचा. मधलं अंतर वाढायला लागलं. खळगा आत गेला की मीही श्वास रोखायचे आणि माझाच जीव घाबरा व्हायचा, तरी त्यांचा श्वास यायचा नाही. मग यायचा, उसासा टाकल्यासारखा. आणि एकदा आलाच नाही.

नवरा ओरडला. परिचारिकेची सुई तयारच होती. तिनं उतारा शिरेत सोडला. काही क्षण काहीच झालं नाही. त्यांचे ओठ मला राखेच्या रंगाचे दिसले.

मग वन्संनी किंकाळी फोडली.

उतारा औषध पुसून टाकतो तेव्हा वेदना अडवणारं काही उरत नाही. इतके दिवस दाराबाहेर थांबलेली सगळी आग एकदम त्यांच्या पायात शिरली. त्या पलंगाचा दांडा धरून ओरडत होत्या, मला शिव्या देत होत्या, भावाला शिव्या देत होत्या. ओरडायला छाती भरून श्वास लागतो. तो त्या घेत होत्या. माझ्याच घरचं माणूस असं तळमळत होतं आणि मी देवाला म्हणत होते, ओरडू दे, आणखी ओरडू दे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहून टाकलं.

तो उतारा त्यांना आणखी काही वेळा द्यावा लागला. उजाडताना त्यांचे श्वास आपोआप सरळ झाले. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

वॉर्डातल्या बाकी दोघांच्या कांड्या त्याच संध्याकाळी पूर्ण निघाल्या होत्या. त्या दोघांबद्दल पुढं काही कळलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा असली चाचणी हातात घेतली नाही. म्हातारपणी ते परिचारिकांना शिकवायचे, आणि चांगलं शिकवायचे असं ऐकलं. तारमास्तर वर्षभरात नोकरी सोडून गेले आणि मासे धरायच्या गळाची दोरी बनवायला लागले. ती पाण्यात अजिबात विरघळत नाही, असं आवर्जून सांगायचे. मॅडमनी काय चुकलं ते स्वतःच्या नावानं छापलं, कुणावर ढकललं नाही. त्यांची पदोन्नती अडली ती अडलीच. पण आता त्या विषयाच्या कुठल्याही प्रयोगशाळेत किरणांनंतर आधी साखळीची लांबी मोजतात. मॅडम जाऊन बारा वर्षं झाली. माझा नवरा त्यांच्या आधी गेला, हृदयविकारानं, छापखान्यातच. मी निवृत्त होईपर्यंत पॉलिमरच करत राहिले, पण औषधाचे नव्हे, जखमा शिवायच्या धाग्यांचे.

वन्सं त्यानंतर सोळा वर्षं जगल्या, सगळी दुखण्यासकट. यंत्र विकलं नाही, पण त्यावर पुन्हा चादर पडली. मला त्यांनी कधी दोष दिला नाही आणि कधी आभारही मानले नाहीत. टोमणे मात्र पूर्वीसारखेच चालू राहिले. फक्त कधी संध्याकाळी, आग जरा निवलेली असली की त्या म्हणायच्या, "तेव्हा बघ, मी त्या निळ्या कोटाचं अस्तर एका बैठकीत लावलं होतं." किंवा, "तेव्हा मी जिना उतरून पाववाल्यापर्यंत गेले होते." लोक एखाद्या लांबच्या प्रवासाबद्दल बोलतात ना, तशा. कधीचं 'तेव्हा' ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मला कधी विचारावं लागलं नाही.